बुधवारचे बूट

रविवार, १२ जुलै २०१५. सकाळी ९ वाजून २० मिनिटं.

ही वेळ चर्चच्या भिंतीवरच्या घड्याळातली. ते घड्याळ चार मिनिटं पुढे असतं. म्हणजे खरी वेळ ९ वाजून १६ मिनिटं. दोन्ही नोंदवून ठेवते.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेलिया सांगायच्या – राग आला की आधी तारीख लिहा, मग वेळ, मग काय घडलं ते. विशेषणं दुसऱ्या दिवशी.

तर काय घडलं. मी उजवीकडच्या दुसऱ्या बाकावर, माझ्या जागी बसले होते. एकतीस वर्षं तीच जागा. पहिलं भजन चालू होतं. इमॅक्युलेट कोबुसिंगे – मातामंडळाची अध्यक्ष, माझी एके काळची विद्यार्थिनी, माझ्यामागून माझ्याच शाळेची मुख्याध्यापिका – पुढच्या बाकावरून उठली, वाकली आणि चार बाकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "मिसेस काबाहेंडा, तुम्ही मागे दाराजवळ बसा. तिथे वारा चांगला येतो."

दाराजवळ प्लॅस्टिकची पांढरी खुर्ची आधीच मांडलेली होती. म्हणजे हे आयत्या वेळचं नाही. ठरवून केलेलं.

मिसेस काबाहेंडा! आमच्या टोरो मुलखात शत्रूलाही नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. बारशाला प्रत्येकाला एम्पाको मिळतं, मायेचं आणि मानाचं नाव, आणि हाक त्याच नावाने. गुराख्यालाही ते आहे, राजालाही आहे. माझं अब्वोली. ते तिने गिळलं. ठीक आहे. तिचंही मी या वहीत लिहिणार नाही.

मी उठले. भजनाच्या मध्ये वाद घालायचा नसतो. या पायांनी तेवढं अंतर जायला किती वेळ लागतो ते सगळ्या गावाने पाहिलं.

प्रार्थनेत शांती देण्याच्या वेळी शेजाऱ्याचा हात हातात घ्यायचा असतो. माझ्या शेजारी छत्र्यांची बादली होती.

सोमवार, १३ जुलै

आज विशेषणं. उद्धट. कृतघ्न. भित्री. आणि नाव इमॅक्युलेट, म्हणजे निष्कलंक!

आणखी एक आठवलं. उठताना दिसलं, तिने आपले काळे बूट काढून बाकाखाली सरकवले होते. प्रार्थनेला मोजे घालून बसली होती. आवळणारे बूट घालून चर्चला येणारी बाई मला वाऱ्याचं ज्ञान शिकवते.

पॅरिश समितीला पत्र लिहिलं. एक पान. मागण्या दोन – माझी जागा परत आणि लेखी माफी. मुदत रविवार २६ जुलै, प्रार्थनेपूर्वी.

गुरुवार, १६ जुलै

उत्तर नाही.

रविवार, १९ जुलै

चर्चला गेले नाही. पहिल्यांदाच.

दुपारी फादर देओग्रासियास आले, केळ्यांचा घड घेऊन. पंच्याहत्तरीचे आहेत, पण शेंगदाण्याचा रस्सा नाचणीच्या उकडीबरोबर दोनदा वाढून घेतला. मग बोलायला लागले. मंडळातल्या बायका घाबरल्या आहेत म्हणे. एक म्हणते, मी कुणीतरी वाटेत पुरलेल्या करणीवरून चालले. दुसरी म्हणते, पायांची ही सूज बसण्याच्या जागेतून पसरते.

"फादर, एकतीस वर्षं मी त्या बाकावर बसते. बाकाने पसरत असतं तर एव्हाना तो बाकच सुजला असता."

हसले. घासाचा ठसका लागला. मग त्यांनी वासाचा विषय काढला, फार सांभाळून. लहान मुलं पुढे बसतात, वगैरे.  वास येतो. खोटं का लिहू? बोटांच्या घड्यांमध्ये पाणी सुटतं. मी तिथे अत्तर टाकते, आणि अत्तर आणि ते मिळून जे होतं ते आणखी वाईट.

"अब्वोली, मनावर घेऊ नका. मी समितीच्या वतीने सांगतो, कुणाच्या मनात काही नाही."

"मग कुणाच्या मनात नाही ते लिहून द्या."

तोंडी घ्या म्हणाले. तोंडी उत्तर तोंडातच राहतं. तसंच त्यांना सांगितलं.

बुधवार, २२ जुलै

हुडहुडी. उजवा पाय तापलेला, लाल. जांघेत गाठ. लिहवत नाही.

शुक्रवार, २४ जुलै

ताप उतरला. हे वर्षातून चार-पाच वेळा होतं. मी मलेरिया म्हणून सांगते. मलेरियाला आपल्याकडे प्रतिष्ठा आहे.

शेजारणीने परस्पर आरोग्य केंद्रात निरोप धाडला होता, म्हणून जसिंता आली. नर्स जसिंता, एम्पाको अड्येरी. हीसुद्धा माझी विद्यार्थिनी. गणितात कच्ची, पण हात स्थिर. न विचारता माझा परकर गुडघ्यापर्यंत वर केला. बारा वर्षांत कुणी केलं नव्हतं. मी म्हटलं, विचारायची पद्धत असते. म्हणाली, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, बाई."

पाय तिने जमिनीवर बसून पाहिले. नाक मुरडलं नाही, श्वासही धरला नाही; मी लक्ष ठेवून होते. दोन्ही पोटऱ्या खांबासारख्या. घोट्याच्या वर कातडी खडबडीत, झाडाच्या सालीवर शेवाळ यावं तशी. हे वर्णन मी करते आहे. तिने फक्त तारीख विचारली, कधी सुरू झालं.

सांगितलं. आधी मोज्याच्या रबराचा वळ उठायचा. संध्याकाळी पाय भरायचे, सकाळी उतरायचे. मला वाटलं, बूट लहान येतात हल्ली. दोन वर्षं मी बूटवाल्याला शिव्या दिल्या. मग एके सकाळी सूज उतरलीच नाही.

राजधानीतून डॉक्टर आले होते, मागच्या महिन्यात, तेव्हा मी दार लावून घेतलं होतं. त्यांनी इतरांचं रक्त तपासलं. हत्तीरोगाचे जंतू असतील वाटलं होतं. एकाच्याही रक्तात नव्हते, म्हणाली.

"मग काय आहे?"

"माती, बाई."

आपल्या डोंगरांची लाल माती. जुन्या ज्वालामुखींची. तिच्यात डोळ्याला न दिसणारे कण असतात, काचेच्या चुऱ्यासारखे. अनवाणी पायाच्या कातडीतून ते आत शिरतात. अंगात रक्ताच्या नळ्या असतात तशा पाण्याच्याही असतात. (लसिकावाहिन्या. सहावीच्या विज्ञानात मी शिकवल्या आहेत.) तिथे ते कण जाऊन बसतात, नळ्या सुजतात, बुजतात. पायातलं पाणी वर चढत नाही. एका दिवसात नाही, वीस-तीस वर्षांत. सगळ्यांना होत नाही, काही घराण्यांच्या रक्तातच ती खोड असते. बाकाने, हाताने, डासाने, करणीने – कशानेही पसरत नाही.

मी म्हटलं, मी शिक्षिका होते, शेतकरीण नव्हे. पायात बूट घालून जन्म काढला.

"नेहमी, बाई?"

नेहमी. म्हणजे लहानपणी सोडून. आणि कॉन्व्हेंटची बाग सोडून. आणि शाळेची बाग. पण ते फक्त बुधवारी.

तिने वहीत काहीतरी लिहिलं.

शनिवार, २५ जुलै

जसिंताने पाय धुवायला शिकवले. अडुसष्टाव्या वर्षी!

बादलीभर स्वच्छ पाणी, साबण. त्यात ब्लीचचे मोजके थेंब, वीस मिनिटं पाय बुडवून. मग प्रत्येक बोट वेगळं करून मध्ये धुवायचं. मग कोरडं करायचं – खरं काम तेच, म्हणाली, ओल राहिली की जंतू शिरतात, ताप त्यांचा, मलेरियाचा नव्हे. मग व्हॅसलीन. मग पट्टी, बोटांकडून वर, घट्ट पण आवळून नाही. मोजे, बूट. बसताना पाय स्टुलावर. रोज. जन्मभर. बरा होणार नाही, पण उतरेल.

मी म्हटलं, ही तर लिटनी झाली, चर्चमधली ओळीमागून ओळ म्हणायची प्रार्थना. ती म्हणाली, हो, पण हिला आमेन नाही.

अत्तराची बाटली तिने उचलून नेली.

रविवार, २६ जुलै

मुदत संपली. समितीचे चिटणीस म्हणतात, पत्र मिळालंच नाही. मी ते त्यांच्या बायकोच्या हातात दिलं होतं. तिच्या हातात तेव्हा कोंबडी होती.

यापुढे पोच घेतल्याशिवाय कागद द्यायचा नाही.

गुरुवार, ३० जुलै

दर गुरुवारी आरोग्य केंद्रामागे फणसाखाली सगळे पायवाले जमतात. जसिंता म्हणाली, या. मी म्हटलं, मी त्या लोकांत बसणार नाही. ती म्हणाली, हेच वाक्य कुणीतरी तुमच्याबद्दल म्हटलं म्हणून तुम्ही पत्रं लिहिता आहात ना?

गणितात कच्ची होती. तर्कात नव्हती हे आज कळलं.

गेले नाही.

शनिवार, १ ऑगस्ट

बोटांमधली ओल गेली. वास गेला. आठ दिवसांत! फक्त साबण आणि पाणी. बारा वर्षं मी अत्तर विकत घेतलं.

गुरुवार, ६ ऑगस्ट

गेले.

फणसाखाली बारा-तेरा जण, प्रत्येकासमोर बादली. मी सावलीच्या कडेला बसले.  मग एक बाई, चाळिशीची, पाय माझ्यापेक्षाही जड, मोठ्याने म्हणाली, "सरळ बसा रे सगळे, हेडबाई आल्या. नखं बघतील."

सगळे हसले. बघायला लागले तर अर्ध्याहून जास्त चेहरे ओळखीचे. लहान असतानाचे.

तिचं नाव स्कोलास्टिका, अटवोकी. चौथीत शेवटच्या रांगेत बसायची. नवऱ्याने दुसरी केली आणि हिला माहेरी धाडलं, सात वर्षं झाली. हे तिने आजचा पाऊस कसा आहे ते सांगावं तसं सांगितलं. पाय धुता धुता गप्पा मारते, सगळ्यांची टिंगल करते. माझ्या बादलीत डोकावून म्हणाली, "बाईंचा पायसुद्धा शिस्तीचा. दोन्ही सारखे सुजलेत."

मी माझ्या बाकाचं प्रकरण त्यांना सांगितलं. जसिंताकडून लेखी दाखला घेणार आहे म्हटलं – हा रोग संसर्गाचा नाही, मातीचा आहे, अनवाणी पायांचा आहे. मग ज्यांनी अपमान केला त्यांनी उत्तर द्यावं. लेखी.

"आणि माती कुणी लावली पायाला, त्याचंही उत्तर मागणार का?" स्कोलास्टिकाने विचारलं.

मी म्हटलं, जबाबदार माणूस सापडला तर त्याच्याकडून जरूर मागेन.

ती बोट पुसत होती. वर बघितलं नाही. "घरी आम्ही अनवाणीच असायचो, बाई. शेतात, वाटेवर, पाण्याला. बूट फक्त शाळेत. बापाने बोकड विकून घेतले होते. आणि बुधवारी ते भिंतीपाशी. नाकं भिंतीकडे, नाड्या आत." मग हसली. "अजून पाठ आहे बघा. सातचा पाढा नाही राहिला."

कुणीतरी दुसरं काही बोललं. विषय बदलला.

शुक्रवार, ७ ऑगस्ट

स्वतःसाठी नोंद, वाद घालण्यासाठी नव्हे.

१९७९ साली राजधानीतल्या दुकानांतही बूट मिळत नव्हते. साबण, मीठ, काड्यापेटी, काहीच नाही. मुलांच्या पायात जे होते ते जपणं भाग होतं. ओल्या लाल मातीत बूट वर्षभरात फाटतो. म्हणून बागेत अनवाणी जायचा नियम केला. नवीन शोधलाही नव्हता. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही मुली बूट काढून, ओळीने लावून बागेत उतरायचो. बूट वर्गासाठी आणि प्रार्थनेसाठी. मातीसाठी देवाने पाय दिलेत.

आणि मी स्वतःही काढत असे. दर बुधवारी, सगळ्यांच्या आधी. मुलांना सांगायचं आणि स्वतः घालून फिरायचं, हे मी कधी केलं नाही.

सिस्टर ॲग्नेलिया बागेत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालायच्या. काळे. हे आज आठवलं. इतकी वर्षं का आठवलं नव्हतं?

शनिवार, ८ ऑगस्ट

जसिंताला विचारलं. सरळ. एका नियमाने एवढं होतं का?

 म्हणाली, एकट्या बुधवाराने नाही. पण आयुष्यात पायात बूट असण्याची त्यांची शाळा ही एकच जागा होती, बाई.

दाखला लिहून दिला. शिक्क्यासकट.

सोमवार, १० ऑगस्ट

दुसरं पत्र तयार केलं. या वेळी समितीला नाही. थेट इमॅक्युलेट कोबुसिंगेला. सोबत दाखला. दोन प्रती. बुधवारी शाळेत जाऊन स्वतःच्या हाताने देणार, पोच घेणार. पट्टीमुळे पाय बुटात जातो आता. पुरुषांचा बूट आहे, पण बूट आहे.

बुधवार, १२ ऑगस्ट

दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. शाळेची घंटा बरोबर चालते.

बुधवार मी मुद्दाम निवडला नव्हता. निदान मला तसं वाटत होतं.

बागेच्या भिंतीपाशी बूट होते. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका ओळीत. नाकं भिंतीकडे, नाड्या आत. एक जोडी अगदी लहान, पहिलीतल्या कुणाची. मोठे होतात म्हणून पुढे वर्तमानपत्र कोंबलेलं. मुलं घेवड्याच्या वाफ्यांत होती, घोट्यापर्यंत लाल.

मी निवृत्त होऊन आठ वर्षं झाली.

इमॅक्युलेट वाफ्यातून आली. अनवाणी. मी तिच्या पायांकडे बघते आहे हे तिने पाहिलं आणि तिचा गैरसमज झाला. अभिमानाने म्हणाली, "मीही काढते, बाई. तुमचा नियम. अजून एकदाही मोडू दिला नाही."

कार्यालयात तो काचेत लावलेला आहे. माझं अक्षर. बूट वर्गासाठी व चर्चसाठी. बागेत अनवाणी. नियम सर्वांना एकच. – प. काबाहेंडा, मुख्याध्यापिका, १९७९. वर कोळ्याचं जाळंसुद्धा नाही. कुणीतरी रोज पुसत असणार.

कागद दिले. तिने दाखला उभ्यानेच वाचला. एकदा वाचला, मग मधूनच परत. मग कागद टेबलावर ठेवून बाहेर नळावर गेली आणि पाय धुवायला लागली, फार वेळ. मी मागे गेले. डाव्या घोट्यावर मोज्याच्या रबराचा वळ होता, दोरी बांधून सोडावी तसा खोल. पायावर तिने अंगठा दाबला, उचलला. खळगा तसाच राहिला.

"सकाळपर्यंत उतरतं?" मी विचारलं.

ती मुलांकडे बघत होती. "नवीन बूट आहेत ना. आवळतात."

"हो. मीही बूटवाल्याशी दोन वर्षं भांडले."

नळ चालूच होता. मी बंद केला.

मग ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी पुढून उठून मागे गेलात. अख्खं चर्च तुमच्या पायांकडे बघत होतं. मी नाही बघितलं, बाई. मला बघवलं नाही."

वास, मुलं, वारा, यातलं काही ती बोलली नाही. 

मग तिने विचारलं, सही कुठे करायची. दोन्ही प्रतींवर केली. बाकाचं विचारायचं राहून गेलं. घरी आल्यावर लक्षात आलं.

गुरुवार, १३ ऑगस्ट. सकाळी ६ वाजून ४० मिनिटं.

पाय धुतले. मग हे लिहिलं. तिसरं पत्र, पुन्हा इमॅक्युलेटला, प्रत या वहीत –

अकीकी,

कालच्या पत्रातला बाकाचा दावा मी मागे घेतलेला नाही. तो दुसऱ्या क्रमांकावर गेला आहे.

पहिला क्रमांक – भिंतीवरचा नियम काढ. तो मी लिहिला, मी चालवला. त्याची चूक माझी आहे आणि ती माझ्या नावानेच सगळ्या पालकांना वाचून दाखव. आधी स्कोलास्टिका अटवोकीला, ते मी स्वतः करते. मुलांच्या पायात बूट ठेव. फाटले तर फाटू देत. तुझ्याही पायात. आज गुरुवार आहे, जसिंता फणसाखाली असते. मी तुझ्यासाठी बादली धरून ठेवते आहे.

लेखी उत्तर हवं. बुधवार १९ ऑगस्ट, दुपारी दोनच्या आत. दोन वाजता मुलं वाफ्यांत उतरतात.

– अब्वोली